वेखंडाचा वास

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी शाळेत जायला निघाले, दार ओढून घेतलं, जिना उतरू लागले आणि मधल्या वळणावरच वास आला. निखाऱ्यावर टाकलेला ओवा, शेपा, लसणाची सालं, चिमूटभर ऊद आणि या सगळ्यांच्या वरताण वेखंड. बाळाला न्हाऊ घालून धुरी देणं चाललं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. मागून उतरणारे शेजारी म्हणाले, "काय प्रसन्न वास येतोय नाही?" मी म्हटलं, "हो ना." त्या दिवशी पहिल्या तासाला मी पोरांना काय शिकवलं ते पोरांनाच ठाऊक.

पुढं काकूंनी बाळ बघायला बोलावलंच. एकाच इमारतीत राहून न जाऊन सांगते कुणाला? झबलं-टोपडं न्यायची पद्धत आहे. मी खुळखुळा नेला. धाराशिवात आता सगळं घरपोच मिळतं. शेगडीसुद्धा ऑनलाइन मागवलेली होती आणि धुरीच्या तयार वड्या पुड्यातून आल्या होत्या. वास मात्र तोच. काकूंनी बाळ माझ्यापुढं केलं. "टाळूचा वास घ्या मॅडम, सगळा शीण उतरतो बघा." मी बाळ घेतलं, पण मान फिरवून घेतलं, आणि दोन मिनिटांत गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून निघाले. काकूंना वाटलं मला मूलबाळ नाही म्हणून भरून आलं. मला दोन आहेत. एक पुण्यात शिकतो आणि दुसरी घरात बसून माझं डोकं खाते. ते कळल्यावर काकूंनी मला धुराची ॲलर्जी आहे असं ठरवलं. ठरवू दे.

सुगंध आणि आठवणी यांविषयी लोक फार हळवं बोलतात. आमच्या शाळेतल्या एका बाईंना पुरणाचा वास आला की आजोळ आठवतं आणि डोळ्यांत पाणी येतं. चांगलं आहे. ज्याच्या वाट्याला पुरण आलं त्यानं पुरण आठवावं. मला हा वास दंडाला धरून आमच्या वस्तीवरच्या एका खोलीत नेऊन उभं करतो, आणि तिथून बाहेर पडायला मला अख्खा दिवस लागतो.

आमची वस्ती येडशीच्या अलीकडं, रामलिंगच्या रानाच्या कडेला. रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, गाडी दिसायची नाही. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं पडवी आणि पडवीला लागून शेळ्यांचा गोठा. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण घर चालायचं ते शेळ्यांवर. घरात आबा, माय, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तामलवाडीकडं दिलेली. मी नुकतंच डी.एड. उरकलं होतं आणि नोकरीची वाट बघत घरात बसले होते, म्हणजे सगळ्यांच्या हाताखाली पडेल ते काम करत होते.

शेळ्यांत मायचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. एखाद्या शेळीचं करडू मेलं आणि त्याच सुमाराला दुसरं एखादं करडू आईवेगळं झालं, की माय आबांकडून मेलेल्या करडाचं कातडं सोडवून घ्यायची आणि त्या पोरक्या पिलाच्या पाठीवर सुतळीनं बांधायची. मग पिलू शेळीच्या पुढ्यात सोडायचं. शेळी आधी शिंगं रोखायची, मग शेपटीकडून हुंगायची, परत हुंगायची, आणि आपलंच आहे असं समजून पाय फाकून उभी राहायची. दोन-चार दिवसांनी कातडं काढून टाकायचं. तोवर तिचं दूध पिऊन पिऊन त्या पिलाला तिचाच वास लागलेला असायचा. माझ्या लहानपणी हे मी कितीदा पाहिलं असेल. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. पिलू जगायचं, शेळीची कास हलकी व्हायची, दोघांचं भलं.

वहिनी शेतकऱ्याच्या घरातून आलेली. लग्न होऊन आली तेव्हा बोकडाच्या उग्र वासानं तिचा जीव नकोसा व्हायचा. पहिलं वर्षभर ती नाकाला पदर लावूनच गोठ्यात जायची. माय म्हणायची, "नाक म्हायेरी ठिवून यायचं व्हतं." वहिनी हसायची. हसरी होती तेव्हा. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडंच करायचं ठरलं. आणि नेमकी त्याच महिन्यात आक्काही बाळंतपणाला माहेरी आली. एका छताखाली दोन बाळंतिणी नसाव्यात असं जुनी माणसं म्हणतात. मायनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण दोघींचं करायला तीच एकटी होती.

आधी वहिनीला मुलगा झाला. मधली खोली बाळंतिणीची झाली. दारं-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, बाजेखाली निखारे. माय बाळाला न्हाऊ घालायची, टाळूला वेखंड भरायची आणि सुपासारख्या दोन हातांवर त्याला धरून धुरावरून फिरवायची. वहिनी बाजेवरून बघत राहायची. पोटुशी आक्का दाराशी बसून म्हणायची, "माझ्या लेकराचा वास बी असाच यावा." मीही जाता-येता त्याची टाळू हुंगायचे. खरंच सांगते, त्याच्याइतका गोड वास मी पुन्हा कशाचा घेतला नाही.

पाचवी पुजून झाली होती, बारसं राहिलं होतं. त्याची छाती भरली. आबा आणि दादा त्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात घेऊन गेले आणि तसेच परत घेऊन आले. नाव ठेवायच्या आधीच गेला, म्हणून त्याला हाक मारून रडायचीही सोय नव्हती. दादानं त्याला बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. त्याची दुपटी, टोपडी, सगळं त्याच्यासोबत गेलं. एक झबलं तेवढं वहिनीनं आधीच काढून उशीच्या अभ्र्यात कोंबलं होतं. न धुतलेलं. पुढं कितीतरी वेळा मी तिला त्या उशीत तोंड खुपसून पडलेली पाहिली. आम्हाला वाटायचं रडतेय.

आता यापुढचं मायनं जे केलं ते लिहिताना माझा तिच्यावरचा राग नव्यानं वर येतो. आक्काचे दिवस भरत आले होते. मायनं मधली खोली रिकामी करून सारवून घेतली, शेगडीतली राख काढली, आणि वहिनीचं अंथरूण पडवीत हलवलं, शेळ्यांच्या अंगाला. वरून म्हणाली, "आक्कीची सुटका हुस्तोवर तिच्या समूर नगं येऊस. सावली पडती." वहिनीनं वाकळ उचलली, उशी काखेत धरली आणि निमूट गेली. दादानं ऐकलं, आबांनी ऐकलं, मी ऐकलं.

पडवी आणि गोठा यांच्यात नुसता कुडाचा आडोसा होता. पलीकडं करडं ओरडली की वहिनीला पान्हा फुटायचा आणि तिचं पोलकं छातीवर ओलं व्हायचं. ती पदर ओढून बसायची. शेजारच्या वस्तीवरची म्हातारी मोगऱ्याची फुलं घेऊन आली. कुस्करून छातीवर बांधली की दूध आटतं, म्हणाली. वहिनीनं फुलं घेतली, मान हलवली, आणि म्हातारी गेल्यावर कुडाच्या फटीतून शेळ्यांपुढं टाकली. शेळ्यांनी ती चवीनं खाल्ली. दूध आटवायचं नसेल तर बाई ते कशासाठी ठेवतेय, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही.

चैताची पुनव तोंडावर होती. येरमाळ्याच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता फुलला होता. त्याच दिवसांत आक्काच्या पोटात दुखू लागलं. तिला दवाखान्यात नेलं, मुलगी झाली, सगळं नीट झालं असा निरोपही आला, आणि मग तिचं रक्त थांबेना. तिथल्या लोकांनी जिवाचं रान केलं. आक्का गेली. मायनं घरी आणलं ते टॉवेलात गुंडाळलेलं मूठभर लेकरू. आक्काच्या सासरची माणसं मातीला आली, पोरीकडं बघितलंही नाही. तिची सासू म्हणाली, "आईला गिळून आली," आणि गाडीत जाऊन बसली. आक्काचा नवरा खाली मान घालून आईच्या मागं गेला.

पोरगी दूध पोटात ठेवीना. मायनं शेळीचं दूध पाणी घालून, उकळून, कापसाच्या बोळ्यानं पाजलं. पोरीनं ते ओकून टाकलं. दादानं यात्रेच्या गर्दीतून वाट काढत येरमाळ्याहून पावडरीचा डबा आणला. त्यानं तिला जुलाब लागले. बघता बघता तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली. रडायचीसुद्धा बंद झाली. नुसतं तोंड उघडायची आणि मिटायची. येडशीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध लिहून दिलं आणि मायला विचारलं, "घरात अंगावर पाजणारी कुणी नाही का? आईचं दूध मिळालं तरच ही तगेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. परत येताना माय रिक्षात पोरीला पदराखाली धरून बसली होती. मी म्हटलं, "माय, वहिनीला इचारू." ती माझ्यावर वस्सकन ओरडली. "कुठल्या तोंडानं इचारू? तिला खोलीतनं म्याच काढली नव्हं? तिचं लेकरू मातीत अन् माझ्या लेकीचं तिच्या वटीत टाकू? ती न्हाय म्हनली तर?" मग मला नाही तर स्वतःलाच म्हणाली, "न्हाय म्हनली तर ही मरंल. इचारायचं न्हाय."

माझी माय वाईट बाई नव्हती. तिची लेक गेली होती आणि लेकीचं एवढंसं उरलेलं तिच्या मांडीवर सुकत चाललं होतं. अशा वेळी माणूस आपल्याला जे येतं तेच करतं. तिला शेळ्या येत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हानं पत्रे तडतडत होते. वहिनी पडवीत कुशीवर झोपली होती. कित्येक दिवसांनी तिला एवढी गाढ झोप लागलेली. मायनं मधल्या खोलीत शेगडी पेटवली. पोरीला कोमट पाण्यानं पुसून घेतलं, टाळूला वेखंड चोळलं आणि ओवा-शेपा टाकून धुरी दिली. मग पाय न वाजवता पडवीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ते झबलं होतं. तिला ते कधी सापडलं होतं कोण जाणे. अंथरुणं तीच घालायची-काढायची. तिनं ते पोरीच्या अंगात घातलं. पोरीला ते पार ढगळ झालं. मायनं बाह्या दुमडल्या. मी दाराशी उभी राहून बघत होते, आणि ती काय करतेय हे मला लख्ख कळत होतं. मला मायच्या अकलेचं कौतुक वाटलं.

तिनं पोरीला वहिनीच्या पुढ्यात, छातीजवळ अलगद ठेवलं आणि मागं सरली.

पोरीनं तोंड उघडलं, मिटलं. वहिनीचं नाक हललं. डोळे मिटलेलेच होते. तिनं पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं, लांब श्वास घेतला, आणि झोपेतच म्हणाली, "आला व्हय माझा राजा?" तिचा हात आपोआप पोलक्याकडं गेला. पोरीला आधी जमेना, मग जमलं. गटागट गिळल्याचा आवाज दारापर्यंत आला. मायनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती खाली बसली. ती हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही.

मग वहिनीचे डोळे उघडले.

आधी तिनं आढ्याकडं पाहिलं. मग खाली, पोरीकडं. मग झबल्याकडं. मला वाटलं, आता ही लेकराला ढकलून देते. तिनं ढकललं नाही. पोरीच्या डोक्यामागं हात धरला आणि ती आपण होऊन तोंड काढेपर्यंत तशीच पडून राहिली. दुसऱ्या बाजूलाही घेतलं. आम्ही दोघी जागच्या जागी खिळलो होतो. पोरगी पोट भरून झोपी गेली तेव्हा वहिनी उठून बसली. तिनं सावकाश पोरीच्या अंगातलं झबलं काढलं, नाकाशी धरलं, उलटं करून पुन्हा धरलं. त्याच्यावर आता धुरीचा वास होता, औषधाचा होता, या पोरीच्या ओकारीचा होता.

"गेला," ती म्हणाली. "ह्याच्यात आता त्यो न्हाय."

माय हात जोडून पुढं सरकली. "पोरी, लेकरू मरत व्हतं गं."

"ठावं हाय मला. पडवीतच असती म्या. समदं ऐकू येतं." वहिनीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "म्या वाट बघत व्हते, आत्याबाई. आज इचारतेल, उद्या इचारतेल. तुमी इचारलं असतं तर म्या कवाच पाजलं असतं. आक्का गेल्यावर बी दूध कशापायी ठिवलं व्हतं म्या?"

मायनं जोडलेले हात खाली घेतले.

"शेळीला इचारता येत न्हाय," वहिनी म्हणाली. "मला इचारता येत व्हतं."

झोपेतच पोरीनं थोडं दूध बाहेर काढलं. वहिनीनं हातातल्या त्या झबल्यानंच तिचं तोंड पुसलं, मान पुसली, आणि झबलं बाजूला ठेवून दिलं. मी ते उचलायला वाकले तर म्हणाली, "राहू द्या ताई. आता त्ये फडकंच हाय."

हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, पण पोरगी वाचली ना? वाचली. वहिनीनं तिला अंगावर पाजून वाढवलं. तिच्या मांड्यांना वळ्या पडल्या, तिला दात आले, ती रांगली, उभी राहिली. मायचा डाव यशस्वी झाला आणि त्याची किंमत वहिनीनं चुकती केली, हेही लोकांना पटतं. त्यात काय एवढं, बाईच्या जातीला करावंच लागतं, असंही म्हणतात. हे म्हणणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, माझं रक्त आटतं.

वहिनी पोरीला घेऊन मधल्या खोलीत परत आली नाही. माय दोनदा-तीनदा म्हणाली. ती पडवीतच राहिली, आणि पोरगी तिच्या कुशीत. मायशी ती सरळ बोलेनाशी झाली. "ताई, आत्याबाईंना सांगा भाकरी झाली." माय चुलीपासून हातभर अंतरावर बसलेली असायची. मी सांगायचे, "माय, भाकरी झाली." असं घर चाललं. मायच्या लेकीची लेक डोळ्यांसमोर गुटगुटीत होत होती आणि तिला उचलून घ्यायचं तर मायला माझ्यामार्फत विचारावं लागायचं. वहिनी कधी नाही म्हणाली नाही. पण विचारल्याशिवाय तिनं पोरीला कधी मायच्या हातात दिलं नाही.

एक गोष्ट मला फार खुपायची. लहान लेकरू घरात असलं की येता-जाता सगळेच त्याची टाळू हुंगतात. वहिनी हुंगायची नाही. पाजायची, न्हाऊ घालायची, पावडर लावायची, गालाला गाल लावायची. पण टाळूशी नाक नेलेलं मी एकदाही पाहिलं नाही. तिनं धुरीही बंद केली. मायनं वेखंड आणून ठेवलं होतं, ते डब्यात तसंच पडून राहिलं. पोरगी बोलायला लागली तेव्हा वहिनीला "आई" म्हणायची. वहिनी दर वेळी तिला थांबवून सांगायची, "मामी म्हन." मी एकदा चिडून म्हटलं, "म्हणू द्या की, काय बिघडतं?" ती म्हणाली, "तिला खोटं कशाला शिकवायचं?"

त्यानंतर वहिनीला मूल झालं नाही. दवाखाने झाले, येरमाळ्याच्या येडाईला नवस झाला. या पोरीवरच सगळं होतं हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

पोरगी तीन वर्षांची होत आली होती तेव्हा एक जीप वस्तीवर आली. आक्काचा नवरा, त्याची नवी बायको आणि त्याची आई. आयत्या बिळावर नागोबा. नव्या बायकोला दोनदा दिवस गेले, पण मूल टिकलं नव्हतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पहिलीचं लेकरू परक्या घरी वाढवताय म्हणून घरात पाळणा हलत नाही. "आईला गिळून आली" म्हणणारी तीच म्हातारी आता पोरीला "लक्ष्मी" म्हणत होती आणि हातातला बिस्किटाचा पुडा हलवून दाखवत होती.

माय वाघिणीसारखी उठली. तिनं त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. आबा म्हणाले, लेकरू बापाचं असतं, आपल्याला अडवता येणार नाही. दादा म्हणाला, कोर्टात गेलं तरी तेच होईल. आक्काचा नवरा तेव्हाही खाली मान घालूनच उभा होता. त्याची नवी बायको मात्र पोरीकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात खोट नव्हती. ते मला आजही कबूल करावं लागतं, कारण पुढं तिनं पोरीला चांगलं सांभाळलं.

गलका ऐकून वहिनी गोठ्यातून बाहेर आली. हाताला शेण होतं. तिनं रांजणाशी जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि ती सरळ पोरीपुढं जाऊन बसली. मला वाटलं, आता ही लेकराला छातीशी धरते आणि म्हणते, हिम्मत असेल तर न्या. माझा जीव त्यासाठी आसुसला होता. तिनं एवढं केलं असतं तर ती जीप रिकामी गेली असती. त्यांच्यात तेवढा दम नव्हता.

वहिनी पोरीला म्हणाली, "ह्ये तुझे बाप हायेत. तुला न्यायला आलेत. तितंच ऱ्हायाचं. म्या संगं येनार न्हाय. जाती का?"

माय किंचाळली. "लेकराला काय इचारती गं? त्याला काय कळतंय?"

पोरीनं वहिनीकडं पाहिलं, बिस्किटाच्या पुड्याकडं पाहिलं, आणि मग जीपकडं. वस्तीवर चारचाकी अशी कधी यायचीच नाही. जीपची चाकं पोरीच्या छातीएवढी उंच होती. तिचा चेहरा उजळला.

"व्हय," ती म्हणाली.

"परत इचार," मी ओरडले. पहिल्यांदाच मी वहिनीला अगं-तुगं केलं.

वहिनीनं परत विचारलं नाही. पोरीचे केस सारखे केले, फ्रॉकचं बटण लावलं आणि तिला उचलून जीपमध्ये, त्या नव्या बाईच्या मांडीवर नेऊन ठेवलं. पोरगी एवढी खूश होती की तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. जीप वळली तेव्हा तिनं काचेतून हात हलवला, तो आम्हाला की शेळ्यांना, देव जाणे. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत धूळ दिसत राहिली.

माय उंबऱ्यात बसून छाती बडवत होती. वहिनी तिच्यापाशी आली, समोर उकिडवी बसली, आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलली.

"इचारलं की असं बी व्हतं, आत्याबाई. म्हनून तुमी इचारलं नव्हतं. आज कळलं मला."

मायनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. दोघींचं मिटलं. माझं नाही मिटलं. मायवरचा माझा राग जुना आहे आणि आता ती नाही. पण त्या संध्याकाळी मला वहिनीचाही राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. एवढी वर्षं झाली, पोरगी आता कॉलेजात जाते, दिवाळीला मी माहेरी असते तेव्हा फोन करते, "मामी, फराळ झाला का?" म्हणून विचारते, आणि वहिनी इकडून "झाला बाळा" म्हणते. फोन ठेवल्यावर ती पडवीत जाऊन बसते आणि मला तिच्याकडं बघवत नाही. तोंडापर्यंत येतं दर वेळी, आणि मी गिळते. कशाला विचारलंत, वहिनी? धरून ठेवायचं होतं.